भरीत-भाकरी आणि खिडकींतील बाग
(नभोवाणीवरील भाषण)



आज मला ज्या दोन विषयांवर बोलावयाचें आहे, ते सकृद्दर्शनीं एकमेकांपासून दूरचे वाटतील. एक विषय विस्तवावर वांगें भाजून साधें जेवण करण्याचा, आणि दुसरा घराच्या खिडकींत चार कुंड्या वाढविण्याचा. मी पाकशास्त्रज्ञ नाहीं आणि वनस्पतिशास्त्रज्ञहि नाहीं. मॅट्रिक होऊन पुढें अध्यापनाची पदविका घेतलेला, आणि पस्तीस वर्षें मराठी शाळेंत मुलांना गणित, भूगोल व सामान्य विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मी एक सामान्य शिक्षक आहें. मग अशा माणसानें या विषयांवर बोलण्याचें धाडस कां करावें? कारण एवढेंच कीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं हीं दोन्ही कामें मला अगदीं पहिल्या इयत्तेपासून शिकावीं लागलीं. आणि उशिरा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या चुका चांगल्या आठवतात. त्या चुका आपल्यापुढें ठेवाव्या, एवढाच माझा हेतु आहे.

माझी पत्नी वारली त्याला आतां दोन वर्षें होऊन गेलीं. ज्येष्ठाचा महिना होता. सदतीस वर्षांच्या आमच्या संसारांत मीं चहाखेरीज दुसरा पदार्थ कधीं केला नव्हता, आणि तो चहाहि पाहुणे आले असतां मला कोणी करूं देत नसे. दिवसकार्य उरकलें, आलेलीं माणसें परतलीं, तेव्हां ठाण्याला राहणारी माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आतां तुम्ही आमच्याकडेच चला. एकटे राहून तुम्ही खाणार काय?” तिच्या बोलण्यांत रागावण्यासारखें कांहींच नव्हतें. जांवईहि मनापासून आग्रह करीत होते. परंतु त्या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, याची मला फार लाज वाटली. पस्तीस वर्षें मीं मुलांना स्वावलंबनावर निबंध लिहावयास सांगितले होते. मीं तिला म्हटलें, “मला थोडी मुदत दे. वर्ष सरूं दे. त्यानंतरच्या चंपाषष्ठीला तूं ये, मी कसा राहतों तें पाहा, आणि मग काय तें ठरवूं.” ती कबूल झाली, पण तिच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाहीं.

प्रथम झाडांची हकीकत सांगतों, कारण माझी पहिली फजिती तेथेंच झाली.

आमचें घर पुण्यांत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचें आहे. एक खिडकी पूर्वेस, एक दक्षिणेस, आणि स्वयंपाकघराला लागून हातभर रुंदीची गॅलरी. एवढ्याशा जागेंत माझ्या पत्नीनें सात झाडें जोपासलीं होतीं. गॅलरींत तुळस, कढीलिंब आणि गवती चहा; खिडक्यांत पानओवा, कोरफड आणि मिरची; आणि आंतल्या खोलींत बाटलींतल्या पाण्यांत वाढणारा मनीप्लांट. रोज सकाळीं ती प्रत्येक कुंडींतील मातींत बोट घालून पाही. मग कांहीं कुंड्यांना पाणी मिळे, कांहींना मिळत नसे. मी त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत बसलेला असें. तें बोट घालणें मला तिची एक लकब वाटे. ती असें कां करते, हें मीं तिला एकदांहि विचारलें नाहीं.

ती गेल्यावर मीं मनाशीं ठरविलें कीं, निदान तिचीं झाडें तरी जगवावयाचीं. शाळेच्या शिस्तीप्रमाणें मीं वेळापत्रक आंखलें: सकाळीं सात वाजतां प्रत्येक कुंडीस एक तांब्या पाणी. आषाढ लागला, हवा ओलीचिंब झाली, तरी माझा तांब्या चुकला नाहीं. श्रावणांत कोरफडीचीं पानें मऊ पडूं लागलीं, पानओव्यानें माना टाकल्या. मला वाटलें, बिचारीं तहानलेलीं दिसतात. म्हणून मीं संध्याकाळींहि एक तांब्या सुरू केला. भाद्रपद संपेपर्यंत सातांपैकीं चार झाडें गेलीं.

सुकलेल्या मिरचीची कुंडी घेऊन मी जवळच्या रोपवाटिकेंत गेलों. तेथल्या माळ्यानें कुंडी पालथी करून मातीचा गड्डा हातावर घेतला. मुळें काळीं पडलीं होतीं आणि त्यांना कुजल्याचा वास येत होता. तो म्हणाला, “गुरुजी, हें झाड तहानेनें गेलेलें नाहीं, बुडून गेलें आहे. मूळ श्वास घेतें, हें तुम्हीं पोरांना शिकविलें नाहीं काय?”

शिकविलें होतें. पाठ्यपुस्तकांत तो धडा होता आणि धड्याखालीं प्रश्नहि होते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. त्या हवेंतील प्राणवायु मुळें घेतात, आणि त्याच्या बळावर पाणी व क्षार शोषून वर पाठवितात. पोकळ्या सदोदित पाण्यानें भरलेल्या राहिल्या, तर मुळें गुदमरतात व सडतात. सडलेल्या मुळांना पाणी ओढतां येत नाहीं, म्हणून भरपूर पाण्यांत उभें असलेलें झाडहि तहानेल्यासारखें मलूल दिसतें. तें पाहून अजाण माणूस आणखी पाणी घालतो. मीं नेमकें हेंच केलें. यावर मनीप्लांट पाण्यांत कसा जगतो, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, पाण्यांत फुटलेलीं त्याचीं मुळें पाण्यांत विरघळलेल्या हवेवर भागवूं शकतात. मात्र तें पाणी आठवड्यास बदलावें लागतें.

तेव्हां पहिला नियम हा: पाणी घड्याळ पाहून घालूं नये, माती पाहून घालावें. बोटाचीं दोन पेरें मातींत घालून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं कुंडीस हात लावूं नये. कोरडें लागलें तर तळांतील भोंकांतून थेंब पडेपर्यंत सावकाश पाणी घालावें, आणि खालच्या ताटलींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. कुंडीच्या तळाशीं भोंक असलेंच पाहिजे, व त्यावर खापरीचा एक तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जातें व माती राहते. दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत आणि एक भाग वाळू, एवढें मिश्रण आपल्या कामाला पुरेसें होतें.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. येथें आपले डोळे आपल्याला फसवितात. भर दुपारीं उघड्यावर सुमारें १,००,००० लक्स प्रकाश असतो. तोच खोलीच्या मध्यभागीं पुष्कळदां कांहीं शेंकडेच भरतो. परंतु आपल्या डोळ्यांतील बाहुली अंधुक जागीं मोठी होते, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाहीं. झाडाला मात्र तो उपासासारखा जाणवतो, कारण आपलें अन्न तें प्रकाशावरच तयार करतें. म्हणून तुळस, मिरची, कढीलिंब यांना घराच्या आंत ठेवूं नये. त्यांना कांहीं तास प्रत्यक्ष ऊन मिळेल अशीच जागा द्यावी. मनीप्लांटासारखीं, मूळचीं दाट झाडीच्या सावलींत वाढणारीं झाडें तेवढीं आंतल्या मंद प्रकाशांत तग धरतात. आपल्याकडे हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकींतून ऊन थेट आंत येतें. त्या दिवसांत ती खिडकी म्हणजे एक लहानसें शेतच समजावें.

घरांतील झाडें हवा शुद्ध करतात, असें आपण वारंवार ऐकतों. त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९८९ सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या अहवालांत असें दिसून आलें कीं, बंद पेटींत ठेविलेलीं झाडें हवेंतील कांहीं विषारी वायु कमी करतात. तेथून हा समज पसरला. परंतु आपलें घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत अशा अनेक प्रयोगांचे आंकडे एकत्र करून पाहिले, तेव्हां असें आढळलें कीं, घरांत सहज येणाऱ्या-जाणाऱ्या हवेनें जें काम होतें, तेवढें झाडांकडून करून घ्यावयाचें, तर दर चौरस मीटर जागेंत निदान १०, आणि कदाचित् १,००० झाडें ठेवावीं लागतील! तेव्हां शुद्ध हवा पाहिजे असेल, तर खिडकी उघडावी. झाडें ठेवावयाचीं, तीं दुसऱ्या कारणासाठीं. एकट्या माणसाच्या घरांत सकाळीं उठून ज्याची विचारपूस करावी, असें कांहीं तरी असावें लागतें. आणि दुसरें कारण, तीं ताटांत उपयोगी पडतात.

माळ्याच्या सल्ल्यानें मीं पुन्हा आरंभ केला, तो मेलेल्या चार झाडांच्या मागें न लागतां सोप्या गोष्टींपासून. लसणाच्या पाकळ्या टोंक वर ठेवून एका पसरट कुंडींत बोटभर अंतरानें खोंचल्या. तीन-चार आठवड्यांत हिरवी पात कापण्याजोगी झाली. टोपलींत मोड आलेले कांदे मातींत ठेविले. त्यांची पात त्याहून लौकर आली. कोथिंबिरीसाठीं धणे हलक्या हातानें रगडून प्रत्येकाचे दोन भाग केले, कारण एका धण्यांत दोन बिया असतात. मग रात्रभर भिजवून ते पेरले. दहा-बारा दिवसांनीं मातीवर हिरवे ठिपके दिसले, तेव्हां घरांत कोणीच नसतांना मीं मोठ्यानें “आली!” असें म्हटलें. कोथिंबीर थंडींत सुखानें वाढते. उन्हाळ्यांत ती लौकर फुलावर जाते आणि पाला थोडाच देते. मिरचीचें मात्र रोपच आणावें, आणि त्याला अधिकांत अधिक उन्हाची जागा द्यावी.

आतां चुलीकडे वळूं.

विलायतेंत रविवारीं दुपारीं मांसाचा मोठा तुकडा व बटाटे भट्टींत भाजून घरचीं सर्व माणसें एकत्र जेवतात, आणि त्या जेवणाला तेथें मोठा मान आहे. भाजून खाण्याचा हा आनंद आपल्यालाहि परका नाहीं. हिंवाळ्यांत ज्वारीचा हुरडा शेतांतच आगटींत भाजतात. रायगड जिल्ह्यांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत भरतात, आणि मडकें पालथें घालून त्याच्याभोंवतीं जाळ करतात, तीच पोपटी. आणि खानदेशांत भरताचीं मोठालीं हिरवट वांगीं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजून लांकडी भांड्यांत ठेचतात. माझ्या पत्नीचें माहेर जळगांव जिल्ह्यांतलें. तिच्या घरीं भरतांत दहीं घालीत नसत. मी पुण्याचा, मला दह्याशिवाय भरीत गोड लागत नसे. सदतीस वर्षें ती माझ्यासाठीं दह्याचें भरीत करी, आणि स्वतःपुरतें थोडें बाजूला काढून ठेवी.

माझें पहिलें भरीत खाण्याजोगें झालें नाहीं. भूक लागली होती, म्हणून मीं आंच मोठी केली. साल कोळसा झाली, आंतला गर मात्र कच्चा राहिला. मग तो जळका वास जावा म्हणून वांगें नळाखालीं धरलें; त्याबरोबर जी चव होती तीहि वाहून गेली. झाडाला मीं पाण्यानें मारलें होतें, वांग्याला विस्तवानें मारलें. दोहोंच्या मुळाशीं एकच दोष होता: समोरच्या वस्तूकडे न पाहतां आपल्या मनांतल्या घाईप्रमाणें काम करणें.

पुढें सातआठ प्रयत्नांनीं जी रीत हाताला बसली, ती सांगतों. वांगें अर्ध्या किलोच्या आंतबाहेर असावें. साल चकचकीत असावी, आणि आकाराच्या मानानें तें हातांत हलकें लागावें. जड वांग्यांत बहुधा बिया फार असतात. किडीचें भोंक आहे कीं काय, तें देंठापर्यंत नीट पाहावें. वांगें धुऊन, कोरडें पुसून, त्याला तेलाचा हात लावावा, म्हणजे साल सहज सुटते. आणि सुरीच्या टोंकानें तीनचार ठिकाणीं टोंचावें, म्हणजे वाफ कोंडून तें फुटत नाहीं. गॅसवर जाळी ठेवून आंच मध्यम करावी. देंठ धरून दर तीन मिनिटांनीं वांगें फिरवावें. पंधरा-वीस मिनिटांत तें सर्व बाजूंनीं सुरकुततें व खालीं बसतें. देंठाजवळचा भाग सर्वांत शेवटीं शिजतो; तेथें सुरी लोण्यांत शिरावी तशी शिरली, म्हणजे वांगें झालें. मग दहा मिनिटें झांकून ठेवावें. आंतल्या वाफेनें साल सुटते. ओल्या बोटांनीं ती काढावी, पण वांगें पाण्याखालीं धरूं नये.

वांग्यांत शेंकडा ९२ च्या आसपास पाणीच असतें. भाजतांना त्यांतलें बरेंचसें उडून जातें आणि चव दाट होते. शिवाय उघड्या पाण्यांत शिजविलें तर उष्णमान १०० अंशांपलीकडे जात नाहीं; विस्तवावर मात्र सालीजवळचा भाग त्याहून पुष्कळ तापतो, आणि त्या उष्णतेंत अन्नांतील शर्करा व प्रथिनांचे घटक यांचा संयोग होऊन खमंग वास निर्माण होतो. ही क्रिया मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं वर्णन केली. ज्यांच्या घरीं गॅस नसून विजेची शेगडी आहे, त्यांनीं वांगें विजेच्या भट्टींत २२० अंशांवर पाऊणएक तास ठेवावें, आणि नंतर वाटींत एक रसरशीत निखारा ठेवून, त्यावर चार थेंब तेल सोडून, भरताला झांकणाखालीं धुरी द्यावी.

गर ठेचून त्यांत मीठ घालावें. तेलांत मूठभर शेंगदाणे परतावे, त्यांतच लसूण-मिरचीचा ठेचा घालावा, मग भरपूर चिरलेली कांद्याची पात, आणि शेवटीं वांगें व कोथिंबीर. बरोबर बाजरीची भाकरी असावी. बाजरीचें पीठ लौकर कडू होतें, म्हणून थोडें व ताजेंच दळून आणावें. गरम पाण्यानें एकेका भाकरीपुरतेंच मळावें. विस्तव आहेच, म्हणून दोन रताळींहि भाजून घ्यावीं. त्यांवर तूप घातलें, कीं निराळें पक्वान्न लागत नाहीं.

मागल्या मार्गशीर्षांत चंपाषष्ठी आली. आपणांस ठाऊकच आहे कीं, पुष्कळ घरीं चातुर्मासापासून वांगें व कांदा-लसूण वर्ज्य असतो, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तो पुन्हा सुरू करतात. पहिल्या वर्षीं घरांत सण नव्हताच. या वर्षीं मुलगी, जांवई आणि नऊ वर्षांचा नातू असे तिघे आले. दोन भरतें केलीं होतीं, एक दह्याचें आणि एक खानदेशी. पात, मिरची, कोथिंबीर सर्व खिडकींतली. मिरच्या फक्त पांच लागल्या होत्या. त्या पांचहि मीं त्या दिवसासाठीं राखून ठेविल्या होत्या. नातवानें हट्टानें एक वांगें स्वतः भाजलें, आणि दर तीन मिनिटांनीं घड्याळ पाहून फिरविलें. मीं त्याला म्हटलें, “बाळ, घड्याळ असूं दे, वांग्याकडे बघ.”

मुलगी खानदेशी भरताचा पहिला घास घेऊन बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “मीठ थोडें कमी आहे, बाबा. आई असती तर तिनेंहि हेंच सांगितलें असतें.” जेवण झाल्यावर ती गॅलरींत गेली आणि तिनें तुळशीच्या मातींत बोट घालून पाहिलें. तें तिला कोणी शिकविलें होतें, हें मला विचारावें लागलें नाहीं. निघतांना ठाण्याला जाण्याचा विषय तिनें काढला, पण सूर निराळा होता: “तब्येत चांगली आहे तोंवर राहा. पुढें पाहूं.” जातांना लसणाच्या पातीची कुंडी ती मांडीवर घेऊन गेली.

केव्हां तरी मला तिच्याकडे जावें लागेल, हें मी जाणतों, आणि त्यांत कमीपणाहि मानीत नाहीं. परंतु ज्याला आपलें जेवण करतां येत नाहीं म्हणून जावें लागतें, त्याचें जाणें आणि ज्याला तें येतें त्याचें जाणें, यांत मला मोठें अंतर वाटतें. दुसरी एक खंत आहे, ती मात्र जाणार नाहीं. सदतीस वर्षें माझ्या डोळ्यांसमोर एक जाणती व्यक्ति रोज हीं दोन्ही कामें करीत होती, आणि तिच्याजवळ उभें राहून मीं एकदांहि विचारलें नाहीं. विचारलें असतें, तर तिला आनंद झाला असता.

म्हणून गृहस्थहो, आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं अशी जाणती व्यक्ति आहे, त्यांनीं उद्यां सकाळीं वर्तमानपत्र थोडा वेळ बाजूला ठेवावें आणि स्वयंपाकघरांत जावें. आणि ज्या घरीं मुलगे आहेत, तेथें आठवड्यांतून एक जेवण त्यांच्याकडून करवून घ्यावें. पहिलें वांगें करपेल, पहिलें रोप सुकेल. त्यावर रागावूं नये. दुसरें आणून द्यावें.